सुटलेली पट्टी

जिममधल्या लॅट पुलडाउनच्या, म्हणजे वरचा दांडा खाली ओढायच्या यंत्राच्या, सीटवर, शिवणीच्या अगदी कडेला, कुणाच्या तरी जखमेवरून सुटलेली पट्टी चिकटलेली होती. बसायला वाकले आणि ती दिसली. कातडीच्या रंगाची, घामाने भिजून कडा आत वळलेल्या, आणि मधल्या इवल्याशा चौकोनावर पिवळट तपकिरी डाग. अंगावर सर्रकन काटा आला. पुढच्याच क्षणी मान वळली आणि डोळे माणसं शोधू लागले. इथून आत्ता कोण उठलं? निळ्या टी-शर्टमधला तो मुलगा? की आरशासमोर खांदे फिरवत उभ्या असलेल्या त्या बाई? भिंतीवरच्या रोलचा कागद ओढला, पट्टी त्यात धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली, सीटवर फवारा मारला, जाऊन साबणाने हात धुतले. व्यायाम पुढे सुरू झाला, पण त्या दिवशी एकाही सेटची मोजणी धड झाली नाही.

घरी जाताना वेगळंच काहीतरी टोचायला लागलं. ज्याची ती पट्टी होती त्याने जखम झाकली होती. जे करायला हवं तेच केलं होतं. घामाने गोंद सुटला, बस्स. माझे डोळे ज्याला शोधत होते तो त्या हॉलमधला बहुधा सर्वांत काळजी घेणारा माणूस असणार. आणि त्याच वेळी तो कुठल्यातरी दुसऱ्या बारवर उघडी जखम टेकवत असणार, त्याचा त्याला पत्ताही नसणार. त्याला गाठून कुणी सांगायला हवं होतं की अहो, तुमची पट्टी पडली, दुसरी लावून घ्या. पण अशा वेळी कुणी काही सांगत नाही. किळस आली की आपण दोन पावलं मागे सरतो आणि गप्प बसतो.

या गप्प बसण्याबद्दलच मला लिहायचं आहे. जंतूंबद्दल त्या ओघात येईलच.

जिममधल्या जंतूंबद्दल वाचायला बसलं की सगळ्यात आधी एक आकडा अंगावर येतो. डंबेलवर टॉयलेट सीटपेक्षा ३६२ पट जंतू! व्यायामाच्या साधनांची परीक्षणं छापणाऱ्या एका संकेतस्थळाने मोजक्या साधनांचे नमुने घेऊन तो काढला आणि मग तो जगभर फिरला. अजूनही फिरतो. मला या आकड्याचा मनापासून राग येतो. टॉयलेट सीट गुळगुळीत असते, कोरडी असते, ती नेमाने घासली जाते आणि तिला मांड्यांची कातडी तेवढी लागते. तिच्याशी तुलना केली तर घरातली जवळजवळ कुठलीही वस्तू घाणेरडी ठरेल. शिवाय नुसती संख्या सांगून काय कळतं? डंबेलवर जे सापडतात त्यातले बहुतेक जीव आपल्याच तळहातांवरून उतरलेले असतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जिवाणू तर माणसाच्या कातडीवर कायमचाच राहतो आणि धडधाकट माणसाला त्याचा उपद्रव नसतो. १९३८ साली प्राइस नावाच्या शल्यचिकित्सकाने हातांवरच्या जंतूंचे दोन गट पाडले होते, वस्तीला असलेले आणि येणारे-जाणारे. वस्तीवाले खोलवर असतात, घासूनही पूर्ण जात नाहीत. येणारे-जाणारे वरवर असतात आणि साबण-पाण्याने बऱ्यापैकी निघून जातात. काळजी करायची ती या दुसऱ्या गटातल्या काही थोड्यांची. ३६२ या आकड्यात ते किती, हे कुणी सांगत नाही.

व्यायाम संपल्यावर तळहातांना एक वास येतो. लोखंडाचा. मला तो आवडतो. बराच वेळ जात नाही, ओंजळ नाकाशी नेली की दिवसाचं काम झाल्यासारखं वाटतं. हा वास लोखंडाचा नसतोच, हे वाचलं तेव्हा नवल वाटलं होतं. धातूला स्वतःचा तसा वास नाही. कातडीवरचं तेल लोखंडाला लागून विघटित होतं आणि त्यातून जे पदार्थ तयार होतात त्यांचा तो वास. २००६ साली रसायनशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. म्हणजे मी हुंगत असते ती माझी आणि माझ्याआधी त्या दांड्याला लटकलेल्या सगळ्यांची कातडी. हे कळल्यावर वास नकोसा होईल असं वाटलं होतं. झाला नाही. दांडा सगळ्यांचा आहे हे तर आधीपासूनच माहीत होतं.

मग खरा धोका किती? इथे शास्त्रज्ञांचीही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन जिममधली साधनं साफसफाईच्या आधी आणि नंतर तपासली होती. ज्याला सगळे भितात तो गळवं आणणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस एकाही नमुन्यात सापडला नाही. आणि २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, ईशान्य ओहायोमधल्या १६ व्यायामकेंद्रांत २८८ पृष्ठभाग तपासले, तर त्यातल्या ११० पृष्ठभागांवर तोच जिवाणू निघाला. त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते वजनदार चेंडूंवर. पहिला अभ्यास वाचून सुटकेचा श्वास टाकावा आणि दुसरा वाचून जिम सोडावी, असं दोन्हींच्या वाचकांना वाटलं असेल. मला मात्र हे दोन्ही निकाल एका वेळी पटतात. हा जिवाणू साधारण तीनपैकी एका माणसाच्या नाकात काही त्रास न देता राहतो. नाकावरून हात फिरतो, हातातून दांड्यावर जातो, दांड्यावरून पुढच्या हातावर. आज नाकात घेऊन फिरणारा कोण आला, त्याने काय धरलं, नंतर कुणी पुसलं का, यावर त्या दिवसाचा निकाल ठरतो. उद्याचा वेगळा असेल.

जीव चिवट मात्र आहे. १८८० मध्ये ॲलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने पिकलेल्या गळवांमधला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि घोसाघोसाने बसलेले गोल जंतू ओळखले. तेव्हापासून त्याच्याबद्दल जे जे कळत गेलं ते धाकच घालणारं आहे. कोरड्या पृष्ठभागावर तो काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत तग धरतो. मिठालाही दाद देत नाही. प्रयोगशाळेत त्याला इतर जंतूंपासून वेगळा काढायला साडेसात टक्के मिठाचं माध्यम वापरतात. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के असतं. घाम खारट असतो म्हणून जंतू मरतात, असं कपडे बदलण्याच्या खोलीत ठामपणे सांगणारी माणसं भेटतात. या जिवाणूला घामातलं मीठ काहीच वाटत नाही.

तरीही घामाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. २००१ मध्ये जर्मन संशोधकांना माणसाच्या घामात डर्मसिडिन नावाचं एक प्रथिन सापडलं. घामाच्या ग्रंथी ते सतत सोडत असतात आणि त्याचे तुकडे कातडीवरच्या जंतूंना मारतात. हे मला फार हृद्य वाटतं. ज्या घामाची आपण लाज बाळगतो, दुसऱ्याचा दिसला की नाक मुरडतो, त्यात शरीराने स्वतःचं औषध मिसळून ठेवलं आहे. आणि त्याखाली कातडी. सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, कागदाहूनही पातळ, पण पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या सांध्यांत स्निग्ध लेप. वरून सौम्य आम्लता. दिवसभर आपण कशाकशाला हात लावतो, आणि संध्याकाळी काहीही झालेलं नसतं, ते या थराच्या जिवावर.

शरीर स्वतःला किती राखतं याचा एक प्रयोग १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी केला होता. स्वयंसेवकांच्या कातडीत त्यांनी हे जंतू मोजून टोचले. पू होण्यासाठी किती लागतात? अखंड, निरोगी ऊतींमध्ये सुईने थेट आत सोडले तरी काही दशलक्ष जंतू लागले. मग त्यांनी कातडीतून टाक्याचा रेशमी धागा ओवला आणि त्याच जागी जंतू नेले. आता काही शेकडो पुरले. जवळजवळ दहा हजार पटींचा फरक. जंतू तेच, माणसंही तशीच. बदलला होता तो आत गेलेला एक धागा.

हे वाचल्यापासून जिममध्ये माझी नजर दांड्यांवर कमी आणि हातांवर जास्त जाते.

आणि हातांवर पाहावं तर काय दिसतं? बारला पकड बसावी म्हणून दांड्यावर काचणारी बारीक खरखर कोरलेली असते. रोज तिला लटकायचं म्हणजे बोटांच्या मुळाशी घट्टे पडणार. घट्टे सुके असतात तोवर ठीक, पण एखाद्या दिवशी पुलअप करताना घट्ट्याची कड उचकटते आणि आतली गुलाबी, ओली कातडी उघडी पडते. मुलं खडूची पूड चोळतात आणि पुढचा सेट मारतात. डेडलिफ्ट करणाऱ्यांच्या नडग्या पाहा. बार पायाला घासून वर यायला हवा हे बरोबरच आहे, पण तो खरखरीत दांडा नडगीवरून रोज वर-खाली गेला की सालपटं निघतात, रक्त येतं, आणि ते रक्त बारच्या मधल्या भागावर वाळून राहतं. जवळून पाहिलं तर त्या खाचांमध्ये तांबूस काळपट रेष दिसते, आणि ती गंजाची आहे की कशाची हे सांगता येत नाही. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला घामाने आणि कपड्याने घासून लाल झालेलं असतं. टाचेला नव्या बुटांचा फोड असतो. कुणी सकाळीच दाढी केलेली असते, कुणी पाय वॅक्स करून आलेलं असतं. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे कितीतरी चिरे पडतात. एवढ्या उघड्या दारांनिशी आपण दांड्यावरच्या जंतूंचा हिशेब मांडत बसतो.

माझा धाकटा भाऊ शाळेत असताना कुस्ती खेळायचा. मॅटवरची. त्या मॅटचा वास अजून माझ्या डोक्यात आहे, रबर, घाम आणि जंतुनाशक यांचा एकत्र वास. एकदा त्याच्या दंडावर गोल, कडेने उठलेला लाल चट्टा आला. गजकर्ण. त्याला ते लगेच कळलं होतं, कारण त्याच्या जोडीदाराला आधी झालं होतं. पण स्पर्धा तोंडावर होती. मग तो लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडायला लागला, रात्री चोरून मलम लावायचा, अंघोळीला दार घट्ट लावून घ्यायचा. घरात कळलं ते फार उशिरा, तोवर संघातल्या बऱ्याच मुलांच्या मानांवर आणि दंडांवर तसेच गोल उमटले होते. तो खूप रडला होता. खाज सुटते म्हणून किंवा स्पर्धा हुकली म्हणून तो रडत नव्हता. सगळी मुलं आता मला घाणेरडा म्हणतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

अंगाला अंग लागणाऱ्या खेळांत कातडीचे आजार कसे पसरतात याची नोंद बरीच झाली आहे. १९८९ साली मिनेसोटात शाळकरी कुस्तीगिरांच्या एका शिबिरात १७५ मुलांपैकी ६० जणांना नागिणीसारखे पुरळ आले. तो ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसचा विषाणू होता, चेहऱ्यावर, मानेवर, दंडांवर पसरलेला. साधनांपेक्षा कातडीला कातडी लागून तो पोचला. बुरशीचंही बरंचसं तसंच, फक्त पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांना ओल्या फरशीचीही साथ मिळते, म्हणून शॉवरच्या जागेत चपला. गरम पाण्याच्या टबातून उठल्यावर काही दिवसांत, जास्त करून पोहण्याच्या कपड्यांखाली, लाल पुळ्या येतात, ते आणखी वेगळ्या जिवाणूचं काम, आणि ते बहुतेक आपोआप बरं होतं.

पण ज्या गोष्टीने व्यायामशाळांमध्ये सगळ्यात जास्त भीती पसरवली ती म्हणजे एमआरएसए, मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. मेथिसिलीन हे औषध १९५९ मध्ये आलं, पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या स्टॅफसाठी. १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. पुढची कित्येक वर्षं ही रुग्णालयांची डोकेदुखी होती. नंतर १९९० च्या दशकात ती कधी रुग्णालयात न गेलेल्या, ठणठणीत माणसांमध्ये दिसू लागली, आणि त्यात खेळाडू पुष्कळ होते. २००३ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्स या अमेरिकी फुटबॉल संघातल्या ५८ पैकी ५ खेळाडूंना मिळून आठ वेळा हा संसर्ग झाला. तपास करणाऱ्यांनी नाकं तपासली, खोल्या तपासल्या, टब तपासले. एमआरएसए नाकातही सापडला नाही आणि आजूबाजूच्या वस्तूंवरही नाही. साधा स्टॅफ मात्र पाण्याच्या टबांत आणि पट्ट्या बांधायच्या जेलमध्ये मिळाला. आणि ते आठही संसर्ग कुठे झाले होते? कृत्रिम गवतावर घसरून जिथे जिथे कातडी सोलली गेली होती, नेमक्या तिथे. त्याच सुमारास कनेटिकटमधल्या एका महाविद्यालयाच्या संघात अशीच लागण झाली, तेव्हा गवताने सोलवटलेल्या कातडीबरोबर दुसरं कारण निघालं अंगावरचे केस वस्तऱ्याने काढणं. कोलोरॅडोत तर तलवारबाजांना झालं. या खेळात कुणी कुणाच्या अंगाला लागत नाही! तिथे संशय गेला तो कपड्यांच्या आत घालायच्या, गुण नोंदवणाऱ्या तारांवर. त्या आळीपाळीने सगळे वापरायचे आणि त्या नेमाने स्वच्छ करायची पद्धतच नव्हती.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने या सगळ्यावरून धोक्याची पाच कारणं सांगितली आहेत. गर्दी, कातडीला कातडी लागणं, फाटलेली कातडी, दूषित वस्तू आणि अस्वच्छता. वस्तू त्या पाचांतलं एक कारण आहे. आपण मात्र सगळी भीती तिच्यावर खर्च करतो, कारण वस्तू दुसऱ्याची असते आणि कातडी आपली.

गळू ज्याला झालं आहे त्याला मी काय सांगते ते लगेच कळेल. मला लहानपणी मांडीच्या मागच्या बाजूला केसतूड झालं होतं. सुरुवातीला काहीतरी चावल्यासारखी एक लाल गाठ. या आजाराची फसवणूक हीच, एमआरएसएचे कितीतरी रुग्ण आधी कोळी चावला म्हणूनच डॉक्टरकडे जातात. दुसऱ्या दिवशी ती जागा गरम झाली आणि मग ठणका सुरू झाला, नाडीच्या ठेक्यावर. बसता येईना, झोपताना चादर लागली तरी कळ मस्तकात जायची. डॉक्टरांनी भूल देऊन छोटा चिरा दिला, पू बाहेर काढला आणि त्या क्षणी जो आराम पडला तो अजून आठवतो. पुढे कळलं की साठलेला पू बाहेर काढणं हाच अशा गळवांचा मुख्य उपाय आहे, प्रतिजैविकं गरज पाहून. पण तो चिरा डॉक्टरांनी द्यायचा. जिमच्या आरशासमोर उभं राहून नखांनी फोड दाबणारी मुलं मी पाहिली आहेत. दाबल्याने पू आत खोल जातो आणि बोटांना लागलेला पुढच्या दांड्यावर. लाली पसरत चालली, ताप आला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा दुखणं दिसतं त्याहून कितीतरी जास्त वाटलं, तर वाट पाहायची नाही. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही.

पुसण्याबद्दल थोडं. फवाऱ्याची बाटली प्रत्येक कोपऱ्यात असते आणि बहुतेक जण ती वापरतात, हे चांगलंच आहे. पण एक फवारा आणि लगेच एक फटकारा, याने घाम पुसला जातो, जंतू मरतातच असं नाही. जंतुनाशक पृष्ठभागावर ठरावीक वेळ ओलं राहावं लागतं. तो बाटलीच्या लेबलवर लिहिलेला असतो, कधी अर्धा मिनिट, कधी कित्येक मिनिटं. आणि आधी घाम-मळ पुसून मग औषध मारलं तरच ते नीट लागू पडतं. सकाळपासून फिरणारं एकच ओलं फडकं असेल तर ते एका बाकावरचं दुसऱ्या बाकावर पोचवतं. म्हणून मला फडक्यांपेक्षा कागद बरे वाटतात. बाकाचं रेक्झिन फाटलेलं असेल तर कितीही पुसा, आतला स्पंज घाम पीत राहतो आणि स्पंज पुसता येत नाही. अंगाखाली स्वतःचा टॉवेल, तोंड पुसायला वेगळा, व्यायाम होईपर्यंत तोंडाला हात नाही, नंतर लगेच साबणाने हात आणि शक्य तितक्या लवकर अंघोळ. यात अवघड काहीच नाही.

अवघड आहे ते बोलणं. आपण उठलेल्या बाकावर पुढचा माणूस आपल्यादेखत फवारा मारतो तेव्हा आत कुठेतरी बारीक लागतं. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि मलाही लागतं. मी पुसला होता की! आणि मीच जेव्हा दुसऱ्याच्या मागून फवारा मारते तेव्हा त्याने पाहू नये असं वाटतं. स्वच्छता या गोष्टीत कुणीतरी घाणेरडं असल्याचा आरोप आपोआप मिसळतो. त्या ३६२ पटींनी तो आरोप आणखी तिखट केला. मग ज्याला मांडीवर गाठ आली आहे तो ती कुणाला दाखवेल? ज्याची पट्टी सुटली तो सगळ्यांसमोर दुसरी मागेल? माझ्या भावाने केलं तेच तो करणार, लांब बाह्यांचा शर्ट घालणार.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीचा नियम मला यासाठी आवडतो. जिवाणूंचा संसर्ग झालेल्या खेळाडूला मॅटवर परत यायचं तर ४८ तासांत नवा फोड आलेला नसावा, प्रतिजैविकं सुरू होऊन ७२ तास झालेले असावेत आणि कुठलीही जागा ओली, वाहती नसावी. वाहती जखम नुसती झाकून उतरता येत नाही. सामन्याआधी सगळ्यांची कातडी तपासतात. सगळ्यांची, त्यामुळे कुणा एकाचीच अशी नाही. त्या मुलाला घाणेरडं म्हणायची सोयच उरत नाही. ४८ तास झाले नाहीत, बस, एवढंच बोलणं होतं.

आमच्या सरांशी मी हे बोलले. ते आमचे ट्रेनर, जिमही तेच सांभाळतात. फवाऱ्याच्या बाटलीशेजारी पट्ट्यांचा डबा आणि चिकट टेपचं बंडल ठेवा, म्हटलं, म्हणजे घट्टा सोलला किंवा पट्टी सुटली तर मागावं लागणार नाही. ते लगेच हो म्हणाले. फाटलेल्या बाकाचं कव्हर सांगून ठेवलंय म्हणाले. तिसऱ्या गोष्टीवर मात्र आमचं बरंच बोलणं झालं. लोक गळू घेऊन, चट्टे घेऊन जिमला येतात ते एका साध्या कारणाने. महिन्याची फी भरलेली असते आणि सुट्टी घेतली की दिवस बुडतात. कातडीच्या आजारासाठी जितके दिवस घरी राहील तितके दिवस पुढे वाढवून द्या, असं माझं म्हणणं. सर म्हणाले, "ताई, असं केलं तर सगळेच काहीतरी सांगून दिवस वाढवून घेतील." मी म्हटलं, "घेऊ देत. थोड्यांनी घेतले तरी एक गळू हॉलबाहेर राहील." ते काही बोलले नाहीत. बघतो म्हणाले, आणि मला वाटलं विषय संपला.

मग एकदा मी पाणी प्यायला थांबले असताना एक मुलगा सरांजवळ आला. शॉर्टची कड वर करून त्याने मांडी दाखवली. "सर, काहीतरी चावलंय बहुतेक." सर वाकले, त्याला विचारलं, दुखतंय का, गरम लागतंय का, कधीपासून. मग म्हणाले, "आज राहू दे. डॉक्टरांना दाखव, आणि ते हो म्हणतील तेव्हा ये." मुलगा तिथेच घुटमळला.

"आणि माझे दिवस, सर?"

"मांडलेत पुढे. जा तू."